रेवाच्या ईईजीत दिसलेले स्पाइक

रेवाला झोप लागून आठ मिनिटं झाली आणि स्क्रीनवर पहिला स्पाइक आला. मग दुसरा. मग तीन एका ओळीत.

मी ईईजी टेक्निशियन. डोक्याला पेस्टने एकवीस इलेक्ट्रोड लावायचे, मेंदूत चालणारे विजेचे बारीक चढउतार कॉम्प्युटरवर उतरवायचे, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. जाग्या मुलाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एकसारख्या लाटा उमटतात. झोपेत त्या संथ होतात. स्पाइक म्हणजे त्या लाटांतून अचानक वर येणारं टोक. फिट येणाऱ्या मुलांमध्ये आम्ही तेच शोधतो.

पण रेवाला फिट येत नव्हत्या. म्हणून तर तिला आणलं होतं. आमच्या हॉस्पिटलमध्ये एक स्टडी चालू होता. एपिलेप्सी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या लाटा शेजारी ठेवून बघायच्या होत्या. आजारी मुलं भरपूर होती, निरोगी मिळत नव्हती. धडधाकट मुलाच्या डोक्याला तारा लावून घ्यायला कोण तयार होणार? कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर मीनल राहते. तिची आठ वर्षांची मुलगी रेवा. मी शब्द टाकला आणि मीनल लगेच म्हणाली, "तुम्ही करणार असाल तर प्रश्नच नाही, सुनंदाताई."

मी एकटी राहते. ड्यूटीवरून आले की संध्याकाळचा चहा मीनलकडे, हे सहा वर्षं चाललं होतं. त्या सोसायटीत माझं जाण्यासारखं तेवढंच घर होतं.

स्पाइक डाव्या बाजूला येत होते, म्हणून मी डाव्या कानाच्या वरचा इलेक्ट्रोड काढून परत लावला. वायर बदलली. कधी कधी सैल इलेक्ट्रोडही असली टोकं काढतो. स्पाइक तिथेच राहिले.

रेवा उठल्यावर मीनलने विचारलं, "कसं झालं?"

"छान झोपली," मी म्हणाले.

टेक्निशियनने रिपोर्ट सांगायचा नसतो. तो डॉक्टर सांगतात. आम्हाला सगळ्यात आधी दिसतं आणि आम्हीच गप्प बसायचं असतं. अनोळखी लोकांसमोर ते जमतं.

मॅडमनी, म्हणजे आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी, रेकॉर्ड दोनदा पाहिला. म्हणाल्या, "थोड्या निरोगी मुलांमध्ये असे स्पाइक सापडतात. बहुतेकांना कधीच फिट येत नाही. मोठेपणी ते स्पाइक जातात."

"मग आईला सांगू या ना."

"कन्सेंट फॉर्मवर आपण लिहिलंय की वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही. एथिक्स कमिटीला विचारते. तोवर तुम्ही काही बोलू नका."

स्टडीला परवानगी देणाऱ्या त्या कमिटीचं उत्तर येईना. मी रोज चहाला जात होते. मीनल विचारायची, मी म्हणायचे, "रिपोर्टचं डॉक्टर बघतात गं." चौथ्या दिवसापासून मी उशिरा यायला लागले. घरी एकटीच चहा करून प्यायचे.

नवव्या दिवशी संध्याकाळी रेवा जिन्यात भेटली. खांद्याला प्लॅस्टिकची बॅग, हातात गॉगल.

"कुठे निघालीस?"

"स्विमिंगला. कालपासून बॅच सुरू झाली."

मी तिथेच उभी राहिले. फिट येण्याची शक्यता कमी होती, हे मला माहीत होतं. पाण्यात एकदा आली तरी पुरे, हेही माहीत होतं. मॅडमना फोन लावला. त्या ओपीडीत होत्या, उचलला नाही. मीनलचं दार समोर होतं. बेल वाजवायला हात उचलला आणि परत खाली घेतला. नोकरीची भीती होती, खोटं कशाला सांगू.

मग मी स्विमिंग पूलवर गेले. पालकांच्या बाकावर तासभर बसले. बाकीच्या आया मोबाईल बघत होत्या. मी रेवाच्या निळ्या टोपीवरून नजर हलवली नाही.

"मावशी, तू कशाला आलीस?" बाहेर आल्यावर रेवाने विचारलं.

"सहज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "ती पोहायला जाते. आज नाही सांगितलं तर मी सांगणार."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग कमिटीच्या सेक्रेटरींना फोन लावून परवानगी मिळवली. त्याच दुपारी त्यांनी मीनलला बोलावून सगळं नीट समजावलं. औषध नको, आलेखाला औषध देत नसतात. पोहताना जवळ मोठं माणूस हवं. फिट आली तर काय करायचं, तेही सांगितलं.

संध्याकाळी मीनलने माझी बेल वाजवली. आत आली नाही.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्याकडे येऊन चहा प्यायलात."

"मला परवानगी नव्हती, मीनल."

"परवानगीचं मी विचारतच नाहीये," ती म्हणाली. "काल ती पोहायला निघाली तेव्हा तुम्ही जिन्यात होतात."

पूलवर बसले होते, हे मी सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? ती हळूच जिना उतरून गेली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

याला आता पाच वर्षं झाली. रेवाला एकदाही फिट आली नाही. मागच्या वर्षी मीनलने तिचा ईईजी दुसरीकडे करून घेतला. तो तिने मॅडमना दाखवला. स्वच्छ होता, हे मला मॅडमकडून कळलं. स्टडीत रेवाचा रेकॉर्ड निरोगी मुलांच्या गटातच राहिला. फिट नाही तर एपिलेप्सी नाही, स्पाइक असोत वा नसोत. जिन्यात भेटलो तर मीनल "बऱ्या आहात ना?" एवढं विचारते. मी हो म्हणते.

कन्सेंट फॉर्ममध्ये मॅडमनी एक ओळ वाढवली. अनपेक्षित काही दिसलं तर डॉक्टर दोन दिवसांत पालकांना कळवतील. नव्या टेक्निशियन मुलींना मी ती ओळ आधी वाचायला लावते. आणि सांगते, स्टडीसाठी मूल हवं असेल तर दुसऱ्या सोसायटीत बघा.