जानेवारीतला कूलर

भिंतीवर तीन थापा, मग हाक : "भाऊ, आवाज येऊन राहिला!" साहेबांची दुपार अशी सुरू व्हायची. तुमच्या भिंतीपलीकडेही असा कोणी असेल, तर त्याला नीट बघून ठेवा.

फरीदाबादेत आमची भिंत एक, बाल्कन्यांमध्ये कमरेएवढा कठडा. साहेब नागपूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. मी चौथी पास, कारखान्यात पत्रे ठोकत जन्म गेला. बाल्कनीतला कूलर माझ्या हातचा. थोडा खडखडायचा. थोडाच.

"कूलर आहे का ट्रॅक्टर? झोप येत नाही यार!"

"मला येते," मी म्हणायचो.

जूनमध्ये तीन दिवस मुलीकडे गाझियाबादला गेलो. परत येतो तर कूलर बंद. मागची वायर तुटलेली. उंदीर इतकं सरळ कापत नाही. शिवाय खाली साहेबांचा अडकित्ता पडलेला.

मी भांडलो नाही. अडकित्ता कपाटात ठेवला, वायर तशीच राहू दिली. आधी कबूल करू दे म्हटलं. उन्हाळाभर घामात भिजलो, पण हटलो नाही. रोज साहेबांना चहाला बोलवायचं आणि विचारायचं, "हल्ली सुपारी दिसत नाही, साहेब?"

"सोडली." कप बशीवर वाजायचा.

जानेवारीत आम्ही इमारतीतले सगळे गच्चीवर उन्हात शेंगा खात होतो. साहेब एकदम उठले.

"भाऊ, बंद करा तो कूलर!"

"या थंडीत कुठला कूलर?"

"आवाज येऊन राहिला ना! रोज येतो! मीच कापली, भाऊ, अडकित्त्यानं कापली!"

"हाय राम, किसको काट दिया?" समोरच्या आंटींच्या हातातल्या शेंगा सांडल्या.

सगळे हसले. मीही हसणार होतो. पण साहेबांनी दोन्ही कान दाबून धरले होते आणि ते रडत होते. सात महिने मी एका म्हाताऱ्याला चहा पाजून छळलं होतं.

तडक खाली आलो. वायर जोडली, कूलर लावला आणि दोन रजया घेऊन समोर बसलो. साहेबांना घरी आणलेलं कळलं, तशी भिंतीवर थाप मारली.

"साहेब, आता?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "आता खरा येऊन राहिला."

थोड्या वेळानं घोरणं ऐकू आलं. संध्याकाळी अडकित्ता नेऊन दिला. त्यांनी सुपारी कातरली, अर्धी मला दिली.

गेल्या वर्षी साहेब गेले. नवे भाडेकरू एसी लावून खिडक्या बंद करतात. दुपारी माझा कूलर खडखडतो. भिंतीवर थाप पडत नाही.

मला झोप येत नाही.