टोकाला वेग शून्य

झोक्याचा वेग मधोमध सर्वांत जास्त असतो आणि टोकाला शून्य, हे कॉलेजात सरांनी फळ्यावर सिद्ध केलं. मला ते आधीच ठाऊक होतं.

निजामाच्या शेवटच्या दिवसांतली पंचमी. वेशीजवळच्या लिंबाला झोका बांधलेला. वहिनी आणि मी समोरासमोर उभ्या राहून तो चढवत होतो. निजामाविरुद्ध लढणारा दादा सरहद्दीवरच्या छावणीतून लपत घरी आला होता. मधून जाताना बाया, भिंती सगळं पुसट व्हायचं. टोकाला मात्र झोका थबकायचा आणि मला वेशीपलीकडची वाट दिसायची.

तिथं रझाकारांच्या घोडेस्वारांची धूळ उठली होती.

"वैनी, आले!"

तिची वाटेकडं पाठ होती. "थांबू नगं. आपण बघितलं हे कळंल त्यांना," ती म्हणाली आणि मोठ्यानं गाणं धरलं. ते गाणं ऐकलं की लपलेल्यानं मागच्या दारानं निघायचं, असं गल्लीनं ठरवलं होतं.

मी जोर लावून झोका चढवत राहिले. दर टोकाला धूळ जवळ आलेली दिसे. मग एका टोकाला पुढच्या स्वाराचा चेहरा ओळखू आला.

तो आमच्याच गल्लीतला होता.