पांढऱ्या फाटकामागची पायवाट

नोकरीतली बहुतेक प्रकरणे फाइल बंद झाली की डोक्यातूनही गेली. हे एक गेले नाही. या प्रकरणात मी जे केले, त्यापायी काही मराठी घरांत माझ्याशी आजही तुटक बोलले जाते. बोलोत.

माझे वडील सिंगापूरच्या बंदरात कामाला आले आणि इथलेच झाले. मी इथल्या पोलिसांत भरती झालो. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना बुकित पंजांगच्या बाजूची एक तक्रार माझ्याकडे आली. बंगल्यांच्या मागून, ओढ्याच्या कडेने जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेवर सकाळी फिरायला निघालेली एक चिनी आजी पडली होती. मांडीचे हाड मोडले होते. तिथे घोट्याच्या उंचीवर नायलॉनचा दोरा आडवा बांधलेला सापडला.

"मासे धरणाऱ्या कुणीतरी टाकला असेल," वरिष्ठ म्हणाले.

मी जागा पाहून आलो. टाकून दिलेला दोरा गुंतलेला असतो. हा ताणून बांधलेला होता. एक टोक झाडाच्या मुळाला, दुसरे कठड्याच्या खांबाला.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात एक बांगलादेशी कामगार घुटमळताना दिसला. तो त्या भागात गवत कापायचा. त्याला आत बसवून चहा दिला, तेव्हा कुठे तो बोलला. "साब, पिछले हफ्ते भी था. मैंने काट के फेंक दिया." आपल्यावरच संशय येईल म्हणून गप्प राहिलो, असेही त्याने सांगितले. घाबरलेल्या माणसाची खबर मी नेहमी नीट ऐकत आलो. त्याला ती देऊन मिळवायचे काही नसते. मी त्याचा जबाब नोंदवला. एकच दोरा एकाच जागी दोनदा आपोआप येत नाही. म्हणजे हे कुणीतरी जाणूनबुजून केले होते.

पडलेल्या आजींच्या गटात सात बायका होत्या आणि त्यांची म्होरकी सत्तरीची एक मराठी बाई. मी त्यांना काकू म्हणायचो. मुलगा इथल्या विद्यापीठात संशोधन करायचा आणि काकू त्याच्या फ्लॅटवर राहायच्या. त्याआधी यजमानांच्या डॉक्टरकीमुळे त्यांची चौदा वर्षे इंग्लंडच्या एका खेड्यात गेली होती. तिथे शेताशेतांतून जाणाऱ्या पायवाटा त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. कुठे कुंपणावरची लाकडी पायरी ओलांडायची, चर्च कोणत्या हाताला ठेवायचे, कोणत्या कुरणात बैल सोडलेला असतो, हे सगळे त्यांच्या वहीत होते. इथे आल्यावर त्यांनी नवी वही घातली आणि बुकित पंजांगभोवतीच्या वाटा तशाच लिहून काढल्या.

"दोरा होता त्या वळणावर एकामागोमाग एकच जाता येतं," त्या म्हणाल्या. "रोज मी पुढे असते. त्या दिवशी माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी वाकले. ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, मी पुढे जाते लाह. आणि पडली. तो दोरा माझ्यासाठी होता हो!"

"तुमचं कुणाशी वाकडं आहे?"

"माझं? छे!"

एवढी घडाघडा बोलणारी बाई इथे एका शब्दात आटोपली. मी वही मागून घेतली. वाटेवरच्या प्रत्येक बंगल्याची खूण तिच्यात होती, कुत्र्यांची नावेसुद्धा. वळणाला लागून असलेल्या पांढऱ्या फाटकापुढे मात्र तीन ओळी गिरवून खोडल्या होत्या.

"काकू, इथे काय लिहिलं होतं?"

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाल्या, "तिथे आपलेच एक गृहस्थ राहतात. जहाजावर कप्तान होते. महिन्यापूर्वी त्यांनी मला अडवलं, उद्यापासून इथून येऊ नका म्हणाले. मी म्हटलं, ही वाट तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण परदेशात आपल्या माणसाचं नाव पोलिसांना कसं द्यायचं?"

चौकशीत हेच नेहमी आडवे येते. साक्षीदार सहसा खोटे बोलत नाही. तो फक्त एक ओळ खोडतो.

झडतीची कागदपत्रे घेऊन आम्ही त्या घरी गेलो. मागच्या कठड्याला ऑर्किडच्या कुंड्या टांगलेल्या होत्या. त्यांच्या दोऱ्यांच्या गाठी पाहताच मी थांबलो. वडिलांनी मला लहानपणी असल्या खलाशी गाठी शिकवल्या होत्या. झाडाच्या मुळाला हीच होती. नुसत्या गाठीवर खटला उभा राहत नाही, म्हणून शेड तपासली. तिथे नायलॉनचे रीळ मिळाले. त्याचे कापलेले टोक आमच्या दोऱ्याच्या टोकाशी जुळल्याचा अहवाल प्रयोगशाळेने दिला.

कप्तान ठाण्यात आले ते इस्त्रीच्या शर्टात, ताठ. तासभर त्यांनी सगळे नाकारले. मी आवाज चढवला नाही. सहज विचारले, "त्या बायका किती वाजता जातात?"

"सहा चाळीसला. सात जणी. एक मोठ्याने हसते. त्रेचाळीसला वळण ओलांडतात."

बोलून गेल्यावर ते स्वतःच थबकले. मी रीळ टेबलावर ठेवले.

"बायको अंथरुणाला खिळली आहे," ते म्हणाले. "रात्रभर कण्हते. पहाटे तिचा डोळा लागतो, आणि यांचं हसणं सुरू होतं. मला कुणाचं हाड मोडायचं नव्हतं. एकदा पाय अडकला की घाबरतील, वाट बदलतील, एवढंच."

"पहिला दोरा कुणीतरी कापला, तरी तुम्ही दुसरा बांधलात."

त्यांनी रीळ हाताने बाजूला सारले. मी तेवढेही नोंदवले.

मग फोन सुरू झाले. "अहो, आपलाच माणूस आहे. वय बघा. घरची परिस्थिती बघा. अपघात म्हणून मिटवा." मी एकच विचारायचो, "तुमच्या आईचं हाड मोडलं असतं तर?" पलीकडचा फोन ठेवून द्यायचा. काकूंकडेही मंडळी गेली. मुलाच्या नोकरीच्या पासवर इथे राहता, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता, असे त्यांना सुचवले गेले. काकू तडक ठाण्यात आल्या.

"आमच्या त्या खेड्यात एका जमीनदारानं पायवाटेवर तारा ठोकल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आम्ही बायका दर रविवारी रांगेनं तिथवर जायचो आणि तारांखालून वाकून पलीकडे निघायचो. पावसातसुद्धा. सहा महिन्यांनी त्यानं तारा काढल्या. गोऱ्या जमीनदाराला मी भ्याले नाही. ह्यांना भिऊ? घ्या लिहून माझा जबाब. पहिल्यापासून, न खोडता."

खटला उभा राहिला. आजी वॉकर घेऊन कोर्टात आल्या आणि कप्तानांकडे बघून साक्ष दिली. गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली. त्या दिवाळीत मला काही घरांचे फराळाचे बोलावणे आले नाही. पुढच्या वर्षीही नाही.

आजी काठीवर चालू लागल्या, त्या सकाळी मी साध्या कपड्यांत मुद्दाम त्या वाटेवर गेलो. सातही जणी आल्या होत्या. वळणाजवळ येताच काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

"घाबरलात की काय?" मी विचारले.

"मी?" त्या हळूच म्हणाल्या. "आत ती बाई झोपली असेल. तिनं कुणाचं काय बिघडवलंय? पण चालणार इथूनच."

आजींनी काठी पुढे टाकली आणि पहिला नंबर लावला. बाकीच्या त्यांच्या चालीने, पावले न वाजवता मागून गेल्या.

दुःखी माणसाबद्दल मला कणव वाटते. कप्तानांबद्दलही वाटली. पण ती कणव जबाबाच्या कागदावर सांडू द्यायची नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या सात जणींइतके स्वच्छ कुणी दाखवले नव्हते. "आपला माणूस" म्हणून मी त्या दिवशी फाइल मिटवली असती, तर हाड मोडलेली ती चिनी आजी माझी कोण ठरली असती? मला बोलावणे न पाठवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. मी माझे तेव्हाच सही करून दिले आहे.