माळ्यावरच्या फायली

रत्नागिरीच्या आमच्या ऑफिसातले रेकॉर्डकीपर, कपाट अर्धं रिकामं असलं तरी, महिनोन्महिने कोणी न मागितलेल्या फायली माळ्यावर नेऊन ठेवत. कोणी हसलं, तर अडकित्ता थांबवून म्हणत, "उद्या एकदम गठ्ठा आला, तर तेव्हा जागा करत बसू काय हो?" आणि गठ्ठा आला, की पाच मिनिटांत लावून मोकळे होत.

ऑफिसात पहिलाच कॉम्प्युटर आला, तो माझ्या ताब्यात होता. चालू कामं ठेवायची मेमरी शिल्लक असूनही तो नुसती पडून असलेली कामं डिस्कवर नेऊन ठेवी. बिघाड समजून मी मुंबईच्या कंपनीला तक्रार लिहायला घेतली. रेकॉर्डकीपरांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मग खाली माझंही नाव घाला हो. वीस वर्षं मी असाच बिघडलेला आहे."