पाणी न लावलेले सात शर्ट

आमच्या घरात सात शर्ट असे होते, ज्यांना पाणी लावायला सक्त बंदी होती.

सातही पिवळे, सातही पाठीवर एक नंबर असलेले, आणि सातही याकोबदादांचे. हे याकोबदादा म्हणजे चिंचपाड्याकडच्या डोंगरातल्या एका संघाचे जुने गोलकीपर. मी आठ वर्षांचा असताना नंदुरबारच्या एका फायनलमध्ये त्यांनी तीन पेनल्टी अडवल्या. दोन हातांनी, तिसरी तोंडाने! दात पडला, रक्त शर्टावर सांडलं, गडी थुंकून पुन्हा उभा राहिला. मी गणिताचा शिक्षक आहे, आयुष्यात चेंडूला पाय लागला तोही चुकून. पण त्या दिवसापासून माझा देव ठरला तो ठरलाच.

गेल्या चार वर्षांत मी त्यांचे शर्ट जमवले. 'सारंगखेड्याचे सर पिवळे शर्ट शोधताहेत' ही बातमी पसरली आणि लोक आपणहून दारात यायला लागले. (किती सज्जन माणसं, असं मला वाटायचं!) एकाला मी हेल्मेट दिलं, एकाला मनगटावरचं घड्याळ, आणि रक्ताचा डाग असलेल्या फायनलच्या शर्टासाठी बायकोचा मिक्सर. सुनंदा त्यानंतर पंधरा दिवस पाट्यावर चटणी वाटत होती आणि प्रत्येक घावाला माझ्याकडे बघत होती.

शेवटी आमच्या हेडसरांनी शाळेच्या ग्रंथालयात एक काचेचं कपाट द्यायचं कबूल केलं. अट एकच, स्वतः याकोबदादांनी शर्ट ओळखले पाहिजेत. मी त्यांना गाठलं, हातापाया पडलो, शुक्रवारी चारला घरी यायचं ठरलं. हेडसरही येणार होते. माझी चार वर्षांची अब्रू त्या शुक्रवारवर टांगलेली होती.

आणि रविवारी घरात कानबाई बसणार होती, आमच्या खान्देशची श्रावणातली देवी!

कानबाई बसायच्या आधी खान्देशात घराचं काय होतं, ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. भिंती पुसतात, भांडी घासतात, गोधड्या नदीवर जातात. घरात एक चिंधी बिनधुतलेली राहत नाही. मी शुक्रवारी दोनला शाळेतून आलो तर अंगणात दोरीवर सात शर्ट वाळत होते. नुसते धुतलेले नाहीत, नीळ घालून धुतलेले!

"माय! हाई काय करं तू?"

"काय करं म्हंजे? कानबाई येनार शे घरमा, आनि दुसराना घामना कपडा कपाटमा ऱ्हातीन का?"

"सुनंदा, तू तरी सांगानं ना!"

"तुम्हनी माय ऐकस का कोनं?" सुनंदा म्हणाली. (चेहऱ्यावर मिक्सरचा आनंद स्पष्ट दिसत होता.)

मी फायनलचा शर्ट दोरीवरून ओढला. छाती कोरी!

"माय, तो डाग कथा गया?"

"निंघी ग्या. लिंबू घासं, मंग निंघना. भलता चिवट व्हता."

"अवं, ते रगत व्हतं! पेनल्टीनं रगत!"

"रगत? तुन्हा बापना शर्ट तीस वरीस धुयात मी. पान खायेल मानूसना डाग माले वळखू येस. आनि त्या दोन शर्टना नंबर नेलपॉलिशना व्हतात. त्या बी काढी टाकात."

म्हणजे आता दोन शर्टांना नंबरही नव्हता! मला रडू येत होतं. मी आईशी भांडलो, सुनंदाशी भांडलो, दोरीशीसुद्धा भांडलो. भांडता भांडता चार वाजले आणि फटफटी वाजली. हेडसर, आणि मागे बसलेले याकोबदादा.

खाली उतरले तेव्हा कळलं की माझा देव माझ्या खांद्याला लागतो. आठ वर्षांच्या पोराला तो ताडमाड दिसला होता. त्यांनी दोरीवरच्या शर्टांकडे पाहिलं. एक छातीला लावून बघितला तर तो गुडघ्याखाली आला. हेडसर सुनंदाने दिलेल्या चहाच्या कपात बघायला लागले.

"शर्ट चांगले आहेत, सर," याकोबदादा हळूच म्हणाले, "पण माझे नाहीत. आमच्या टीमकडे गोलकीपरचा शर्ट एकच होता. दहा वर्षं तोच घातला."

एक गोलकीपर, एक गरीब संघ आणि सात शर्ट! गणिताच्या शिक्षकाला हे सुचायला हवं होतं.

मग त्यांनी कापडी पिशवीतून एक घडी काढली. विटून पांढुरका झालेला, लहानसा, स्वच्छ शर्ट. "हा घ्या. तुमच्या कपाटासाठी आणलाय."

"फायनलचा?" मी शर्ट उलटसुलट करून पाहिला. "पण मग... रक्त?"

"बायकोनं त्याच संध्याकाळी धुतला. डाग कोण ठेवतं, सर? मंगळवारी परत मॅच होती."

मायने पदराला हात पुसले, शर्ट उन्हात धरला, काखा पाहिल्या, कॉलर पाहिली. "तुन्ही बायकोना हात चांगला शे रे बाबा," ती म्हणाली. चार वर्षांत माझ्या संग्रहाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक.

तो एक शर्ट आता शाळेतल्या कपाटात आहे. बाकीचे सात मात्र सुनंदाने जपून ठेवलेत. रोज सकाळी मी शाळेला निघालो की ती हसू दाबत दारात येते आणि विचारते, "सर, गाडी पुसाले आज कोनती फायनल देऊ?"