कुलूप होतं का?

मडावीबाईंसमोर 'कारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. शनिवारी पेशंट संपले की त्या आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात चपला काढून बसायच्या, दुखरे गुडघे लांब करायच्या आणि आम्हा पाच नर्सांना आठवड्यातली एकेक गोष्ट सांगायला लावायच्या. हातून चुकलेली, नाहीतर मनात अडकून राहिलेली. कोणी "कारण त्या दिवशी..." असं सुरू केलं की शेजारच्या लसीच्या रिकाम्या डब्यावर पेनाची टकटक व्हायची. "मांगं चल. डोळ्यानं काय पाह्यलं तेवढंच सांग. तुया वकिलाले मंग बोलवजो."

त्यांचे सवाल तीनच. काय झालं? मंग काय? आता काय? कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना एक छापील कागद मिळाला होता. तो उंदरांनी खाल्ला. "फालतू तेवढं उंदरानं खाल्लं, कामाचं राह्यलं," असं त्या सांगत.

आमचं केंद्र पोंभुर्ण्याकडच्या जंगलपट्ट्यात होतं. बाई आमच्या पर्यवेक्षिका, मी नोकरीला नवी. मला सुरुवातीला हा प्रकार म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. एकदा तिसऱ्या सवालाला मी ऐटीत उत्तर दिलं, "गावात जागृती करू." बाई म्हणाल्या, "जागृती कुठी ठेवशीन, डब्यात? सोमवारी तू हातानं काय करशीन ते सांग." सगळ्या हसल्या. दुसऱ्या सवालाला कोणी "मला फार वाईट वाटलं" म्हणालं तर तेही चालत नसे. "तुयं वाईट घरी ठेव. त्या पेशंटचं काय झालं?"

स्वतःलाही त्या सोडत नसत. उशिरा आलेल्या एका म्हाताऱ्यावर त्या खेकसल्या होत्या. शनिवारी आमच्यासमोर म्हणाल्या, "काय झालं? मी खेकसली. मंग काय? त्यानं घाबरून गोळ्या कशा घ्यायच्या ते ऐकलंच नाई. आता काय? सोमवारी त्याच्या घरी जाईन." आणि गेल्या. गुडघे धरत, चार किलोमीटर.

प्रत्येकीची वही वेगळी. तिच्यात फक्त आपलं लिहायचं, दुसरीचं नाव घालायचं नाही, हा नियम होता.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्याकडच्या एका गावात मैना नावाची आठवा महिना लागलेली बाई होती. पायांवर सूज, रक्तदाब थोडा वाढलेला. दर आठवड्याला तपासायची होती. मी लागोपाठ दोन आठवडे सकाळी दहाला गेले. दाराला बांबूची ताटी लावलेली. हाक मारली, उत्तर नाही. रजिस्टरात 'घर बंद' लिहिलं, सही केली आणि पुढच्या गावाला निघाले. तिसऱ्या आठवड्यात मैनाला झटके येऊ लागले म्हणून खाटेवर घालून आणली. चंद्रपूरला पाठवली. मैना वाचली. बाळ गेलं.

शनिवारी बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"घर बंद होतं."

"कुलूप होतं का?"

"नाही. ताटी होती."

"शेजारी कोणाले विचारलं?"

विचारलं नव्हतं. त्या गावात कुलूप एकाही घराला नव्हतं. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा. पहाटे सगळं गाव विडीची पानं तोडायला जंगलात जातं, दुपारी परतून अंगणात पानांचे पुडके बांधत बसतं. मी तीन वाजता गेले असते तर मैना अंगणातच भेटली असती. मी याच जिल्ह्यातली, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी आपली वही उघडली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "दोन्ही आठवडे रजिस्टर माझ्याकडे आलं. 'घर बंद' वाचलं. विचारलं नाही. सही केली." आता काय? पानाच्या हंगामात भेटी दुपारनंतर. सोमवारपासून तसंच सुरूही झालं. त्या रात्री मी माझ्या वहीत माझं सगळं लिहिलं. काहीही न लपवता लिहिलं.

पुढच्या आठवड्यात चौकशीला वरून एक साहेब आले. लेखी काय आहे, म्हणाले. बाईंनी आपली वही पुढे केली. आमच्यातल्या एकीने त्यांचा पदर ओढला, तर म्हणाल्या, "खरं लिवलं ते दाखवाले काऊन भ्यायचं?"

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही वरिष्ठांच्या लक्षात आणून दिलं होतं?"

मी म्हणाले, "रजिस्टर दर आठवड्याला बाईंकडेच जातं, सर."

वाक्य खरं होतं. माझा वकील बोलला होता. माझी वही खांद्यावरच्या पिशवीत होती, ती मी काढली नाही. रजिस्टरात माझ्या भेटी तारखेसकट होत्या. लेखी कबुली एकाच बाईची होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मडावीबाईंची बदली जिवतीच्या डोंगरात झाली. निघताना मला म्हणाल्या, "गुडघ्याले पहाड चांगला असते म्हणतात." मी हसले.

त्यांना भेटायला गेले ते फार उशिरा, मी त्यांच्याच पदावर आल्यावर. त्या घुग्घुसला मुलाकडे राहत होत्या, खाणीच्या धुळीत खोकत. मी वही नेली होती. त्या मे महिन्याचं पान वाचायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"काय झालं ते मले माईत हाय. मी तिथीच होती. मंग काय, तेही माईत हाय. दोन वर्षं पहाड चढली. तिसऱ्याचं सांग."

"माफी मागायला आले, बाई."

"माफी कुठी ठेवू, डब्यात?" त्या हसल्या आणि खोकल्याने बेजार झाल्या. मग म्हणाल्या, "चहा घे. उत्तर सापडलं की येजो."

उत्तर तिथेच होतं, माझ्या हातातल्या वहीत. ते कळायला मला पाच महिने लागले, आणि चौथ्या महिन्यात बाई गेल्या.

एका सोमवारी रजा टाकून मी जिल्ह्याच्या कचेरीत गेले. मैनाच्या दारात मी काय पाहिलं, रजिस्टरात काय लिहिलं आणि साहेबांना काय सांगितलं नाही, ते एका कागदावर माझ्या नावानिशी होतं. 'कारण' एकही नव्हतं. बाबूने कागद वाचला, परत वाचला.

"हे कुठं लावू, मॅडम?"

"मडावीबाईंच्या फाइलीत."

"त्या तर वारल्या ना? फाइल बंद झाली."

"बंद म्हणजे? कुलूप आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या कपाटाकडे. उठला आणि दार ओढलं. ते नुसतंच लोटलेलं होतं.