पोकळ शाफ्ट आणि सव्वीसचा आकडा

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. नागपुरातून इंजिनियरिंगचा डिप्लोमा घेऊन मी सिरोंच्याच्या वाटेवरच्या जंगलात एका आरागिरणीवर नोकरीला लागलो. तिथे इंजिनाची ताकद एका लांब शाफ्टवरून पट्ट्याने ओंडके चिरणाऱ्या दोन आऱ्यांपर्यंत जायची. तो भरीव शाफ्ट वाकला, तेव्हा मॅनेजरने कुठून तरी बाहेरून तेवढ्याच जाडीची जुनी लोखंडी नळी आणली.

"दोन आरे चालतील असं लिहून द्या," तो म्हणाला. तोंडात पान होतं.

पोकळ शाफ्टचं मला वावडं नव्हतं. पिळाचा भार बहुतेक बाहेरचंच लोखंड पेलतं. पण बाहेरचा व्यास तीन इंच, आतला अडीच, म्हणजे कड उरली पाव इंच. बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्याचा वजा केला, जुन्या लोखंडाला सोसेल एवढाच ताण धरला, मिनिटाला दोनशे फेरे धरले. उत्तर आलं सव्वीस हॉर्सपॉवर. भरीव असता तर पन्नास आलं असतं. दोन आऱ्यांना चौतीस लागत.

"एकच आरा चालेल," मी कागद पुढे केला.

त्याने माझाच पेन घेतला आणि २६ मधल्या दोनला आणखी एक वळण देऊन तीन केला. "झाले छत्तीस." कागदावर पानाचा थेंब पडला. तो त्याने अंगठ्याने पुसला आणि अंगठा माझ्या टेबलाच्या कडेला. मला शिसारी आली. खाली माझी सही होती, तरी मी बोललो नाही.

आऱ्यावरचा मिस्त्री पन्नाशीचा गोंड माणूस होता. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, शाफ्ट कुरकुर करून राह्यला. एक आरा बंद ठेवू का?"

मी मॅनेजरला सांगितलं. तो हसला. "त्याले काय समजते?"

नवव्या दिवशी दुपारी दोन्ही आऱ्यांवर सागाचे ओंडके असताना शाफ्ट पिळून तुटला. सुटलेल्या पट्ट्याच्या तडाख्याने मिस्त्रीचा हात कोपरात मोडला. आम्ही त्याला ट्रकमध्ये घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. परतलो तेव्हा मॅनेजर रक्तावर भुसा टाकून घेत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लाकडात गाठ होती, असा रिपोर्ट लिहा."

मी तसा लिहिला नाही. खरा आकडा सव्वीस होता, तो कोणी बदलला आणि मी गप्प राहिलो, एवढं लिहून चांद्याच्या सरकारी कचेरीत दिलं. तपासणी झाली, गिरणी बंद पडली, माझी नोकरी गेली.

जाण्याआधी मिस्त्रीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने काळा चहा दिला. त्याचा हात आता सरळ होणार नव्हता.

"तुमाले मालूम होतं, भाऊ?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

त्याच्या बायकोने माझ्यासमोरचा अर्धा प्यालेला कप उचलला आणि ती आत गेली.